एकसष्ट नंबरचा कोट

केचकेमेटच्या जुन्या थिएटरात
माझी खिडकी पडद्यामागच्या भिंतीला पाठ लावून.
लोक मला कोट देतात, मी त्यांना पितळी बिल्ला.
सिनेमे मी पाहत नाही, ऐकते.
कोट सोडून जाता येत नाही,
आणि आत पायऱ्या फार.

हंसाचा सिनेमा एकोणचाळीस वेळा ऐकला.
एका पंखाचा हंस, पायीच निघालेला समुद्राकडे.
आमच्या देशाला समुद्रच नाही,
त्यामुळे वाटेत भेटेल तो त्याला
वेगळीच दिशा दाखवतो.

आज खेळ संपून पाऊण तास झाला
तरी पोरं कोट नेईनात.
चोंगोरच्या हातात वर्तमानपत्र, त्यात शालामोनचं परीक्षण.
पुन्हा पुन्हा वाचतोय, दर वेळी आवाज चढवून:
‘शेवटची बारा मिनिटं मेलेली आहेत.
समुद्र कागदाचा आहे.’

“कागदाचाच असणार! हातानं काढलाय,” एमेशे म्हणते,
“नऊ वर्षं माणसं वाकून बसली होती टेबलावर.”
“नऊ वर्षं लागली म्हणून चांगला?
माझ्या बापाला घटस्फोटाला नऊ वर्षं लागली,”
बोटोंड म्हणतो. कुणी हसत नाही.
“एकच लाट चार वेळा येते. मी मोजली.”
“लाटा तशाच येतात, गाढवा.”
“तू कुठे पाहिल्यास?”
“क्रोएशियात. सातवीत असताना.”
“मग त्याचं म्हणणं खोटं कुठंय ते दाखव.”
“खोटं नसेल! पण असं लिहितात का?
उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?
स्वतः एक बदक तरी काढून दाखव म्हणावं!”
“म्हणजे वरणात मीठ जास्त झालंय म्हणायला
आधी आचारी व्हायचं?”

बोटोंडचं मला थोडं पटतं.
तेच व्हायोलिन तीनदा रडतं,
तिसऱ्यांदा त्याचं त्यालाच कंटाळवाणं झालेलं असतं.
पण त्या बारा मिनिटांत आत कुणी खोकत नाही.
जानेवारीत.
हे परीक्षणात कुठे लिहायचं असतं, मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी बोलत नाही.
पहिल्या शुक्रवारी, शेवटाला तेरा मिनिटं उरली असताना
दार ढकलून एक जण बाहेर आला.
एकसष्ट नंबर. राखी कोट, काखेत अस्तर उसवलेलं.
त्याचा फोटो मी पेपरात पाहिलेला, ओळखलं.

एवढं सांगितलं तर चोंगोर काउंटरवर चढून नाचेल.
न पाहताच लिहिलं! संपला वाद.

पण कोटात एक हात घालून
तो थांबला.
दुसरी बाही तशीच लोंबत राहिली, रिकामी.
भिंतीपलीकडे समुद्र सुरू झाला होता.
मी ऐकते तसाच तो ऐकत उभा, शेवटपर्यंत,
बूट ओले, मान थोडी वाकडी.
मग मला म्हणाला,
“पोचतो का तो?”
म्हटलं, “मला काय माहीत, मी पाहिलेला नाही.”
त्यानं दुसरी बाही चढवली आणि गेला.
आत परत का नाही गेला?
मी तरी कुठे जाते.

आणि खरं सांगायचं तर
भिंतीतून तो समुद्र
कागदासारखाच वाजतो.
कुणीतरी मोठा कागद चुरगाळतंय,
पुन्हा उलगडतंय,
पुन्हा.

“गिझी नेनी, तुम्हीच सांगा,” एमेशे खिडकीवर वाकते,
डोळे लाल, एक हातमोजा गायब,
“हे न्यायाचं झालं का?”

तिघंही माझ्याकडे बघतात.
इतक्या वर्षांत कुणी मला सिनेमाबद्दल विचारलं नव्हतं.

“बत्तीस नंबर कुणाचा?” मी म्हणते.
“दिवे घालवायचेत.”